सासूबाईंचं तूप, नणंदेच्या कॅप्सूल आणि बाळाच्या मेंदूतल्या वाढत्या पेशी

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला सायन्स शिकवते. सध्या सातवा महिना चालू आहे, २८ वा आठवडा. आमचं घर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सासूबाईंचं म्हणणं, मेंदू म्हणजे सगळी चरबीच, म्हणून दोन्ही वेळा भातावर भरपूर तूप घ्यायचं. नणंद पुण्याहून डीएचए नावाच्या मेदाम्लाच्या कॅप्सूल आणि एक महागडी पावडर घेऊन आली, म्हणते याने बाळ हुशार होतं. मिस्टर म्हणतात मेद वगैरे काही नाही, शरीर प्रोटीनने बनतं, प्रोटीन पावडर चालू कर. मी दरवर्षी फळ्यावर चेतापेशीची आकृती काढते पण ती पेशी पोटातल्या बाळात वाढते कशी हे मला खरंच माहीत नाही. मेंदूसाठी मेद महत्त्वाचा की प्रोटीन? आणि मी नक्की काय खाऊ?

उत्तर:

अगं, तुझ्या घरातले तिघंही काळजीपोटीच बोलतायत आणि तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, त्यामुळे कुणाला खोटं पाडत बसायची गरज नाही. पण तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरलीये, की आईच्या ताटातलं तूप नाहीतर पावडर तशीच उचलून बाळाच्या मेंदूत जाऊन बसते, आणि तसं होत नाही. वाढणारी चेतापेशी तिला लागणारं बहुतेक मेद आणि सगळी प्रोटीन्स स्वतःच बनवते. बाहेरून तिला लागतात त्या मोजक्याच गोष्टी, ज्या तिला बनवता येत नाहीत. त्या तुझ्या शाकाहारी ताटातून मिळतायत का एवढंच आपल्याला बघायचंय. आणि खरं सांगू, तुझ्या पत्रात तूप आलं, कॅप्सूल आल्या, दोन दोन पावडरी आल्या पण बी १२ चं नावही नाही, मला काळजी वाटते ती त्याची. त्याच्याकडे येतेच, पण तू सायन्सची टीचर आहेस आणि पेशी कशी वाढते असं स्पष्ट विचारलंयस, तर आधी ते.

२८ व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूच्या वरच्या थरातल्या, म्हणजे कॉर्टेक्समधल्या, बहुतेक चेतापेशी तयार होऊन आपापल्या जागी पोचलेल्या किंवा पोचत आलेल्या असतात. आता त्यांचं मोठं काम सुरू असतं ते हातपाय पसरायचं, म्हणजे एक लांब अक्षतंतू आणि डेंड्राइट नावाचे खूप सारे आखूड फाटे बाहेर काढून एकमेकींशी जोडणी करायचं. म्हणूनच शेवटच्या तीन महिन्यात मेंदू इतक्या झपाट्याने वाढतो, ३४ व्या आठवड्याला त्याचं वजन पूर्ण दिवस भरलेल्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन तृतीयांश असतं आणि उरलेला एक तृतीयांश पुढच्या पाच-सहा आठवड्यात भरतो.

आता फळ्यावरची ती आकृती डोळ्यासमोर आण आणि जरा हिशोब कर. पेशीचा गोल भाग २० मायक्रोमीटर व्यासाचा धरला तर त्याचं पृष्ठफळ साधारण साडेबाराशे चौरस मायक्रोमीटर भरतं, आणि त्यातून निघालेला अक्षतंतू फक्त १ मायक्रोमीटर जाड आणि १ सेंटीमीटर लांब धरला तरी त्याचं पृष्ठफळ ३१ हजारांच्या वर जातं, म्हणजे गोलाच्या पंचवीसपट. आणि १ सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही, मेंदूतून निघून पार कंबरेच्या मणक्यापर्यंत जाणारे तंतू असतात. हे सगळं पृष्ठफळ म्हणजे पेशीचं पटल, आणि पटल म्हणजे मेदाच्या रेणूंचे दोन थर आणि त्यात रोवलेली प्रोटीन्स. ते आधी कुठेही तयार नसतं, पेशीला ते रोज नवीन बनवावं लागतं. सासूबाईंचं म्हणणं खरं आहे ते इथपर्यंत, मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर उरलेल्या वजनात निम्म्याहून जास्त मेदच असतं.

तंतू वाढतो तो त्याच्या टोकाशी. हे वाढणारं टोक पहिल्यांदा ओळखलं ते स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी, १८९० साली, कोंबडीच्या भ्रूणाच्या मज्जारज्जूत, आणि त्याला नाव पडलं ग्रोथ कोन. त्यांनी मेलेल्या, रंगवलेल्या पेशी बघितल्या होत्या, तरी ते टोक हलत, चाचपत पुढे जात असणार हे त्यांनी ओळखलं. पुढे १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला एक छोटा तुकडा लिम्फच्या थेंबात जिवंत ठेवला आणि त्यातून तंतू वाढताना प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तेव्हा कुठे तंतू एकाच पेशीतून वाढतो की नाही हा वाद मिटला. मी लॅबमध्ये होते तेव्हा आम्ही कोंबडीच्या भ्रूणातल्या चेतागाठी, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, वाढवायचो, त्यावर एनजीएफ नावाचं प्रोटीन घातलं की एका दिवसात गाठीच्या चारही बाजूंनी तंतूंचं वलय उगवायचं. रीता लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना याच प्रोटीनसाठी १९८६ चं नोबेल मिळालं, आणि लेव्ही-मोंताल्चिनी यांनी दुसऱ्या महायुद्धात, ज्यू म्हणून विद्यापीठाबाहेर काढलं गेल्यावर, घरातल्या बेडरूममध्ये लॅब मांडून कोंबडीच्या भ्रूणांवर काम चालू ठेवलं होतं, हे तुझ्या वर्गातल्या मुलींना नक्की सांग.

ग्रोथ कोनच्या आत काय चालतं ते बघ. पुढच्या कडेला अॅक्टिन नावाच्या प्रोटीनचे बारीक तंतू वाढतात, ते बोटांसारखे फाटे बाहेर काढतात आणि आजूबाजूला कुठली खूण आहे, इकडे ये म्हणणारी की लांब रहा म्हणणारी, ते तपासतात. मागून ट्युब्युलिनच्या नळ्या सरकत येतात आणि तंतूला आधार देतात. आता नवीन पटल कुठे जोडलं जातं, तर बरंचसं या टोकाशीच. विणकाम करताना कसं टाके सुईच्या टोकाशी पडतात आणि लोकरीचा गुंडा लांब टोपलीत असतो, तसं इथे बराचसा माल पेशीच्या गोलात बनतो आणि छोट्या छोट्या पिशव्यांमधून तंतूच्या टोकापर्यंत येतो. या पिशव्या मेदाच्याच असतात, आणि त्या ओढून आणणारी मोटर म्हणजे कायनेसिन नावाचं प्रोटीन, ते १९८५ मध्ये स्क्विडच्या जाड चेतातंतूत सापडलं. सगळ्यात वेगवान वाहतूक दिवसाला साधारण ४० सेंटीमीटरपर्यंत जाते. टोकाशी पोचल्यावर पिशवी पटलात मिसळते आणि तिचं मेद हेच नवीन पटल होतं.

पण ती पिशवी आपोआप मिसळत नाही, त्यासाठी दोन्हीकडची प्रोटीन्स एकमेकात गुंतावी लागतात. त्यातलं एक प्रोटीन म्हणजे सिंटॅक्सिन ३. केंब्रिजला डारिओस आणि डाव्लेटोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवलं की डीएचए आणि अॅराकिडोनिक आम्ल ही लांब मेदाम्लं या सिंटॅक्सिन ३ वर थेट काम करतात, ती असली की हे प्रोटीन जोडणीला तयार होतं आणि तंतू वाढतो. म्हणजे मेद इथे नुसता कच्चा माल नाहीये, प्रोटीनला कामाला लावणाराही तोच.

उलट बाजूने बघायचं तर जीएपी-४३ घे. वाढत्या तंतूच्या टोकात हे प्रोटीन खूप असतं, आणि ते पटलाला धरून कसं राहतं तर त्याच्या सुरुवातीच्या दोन सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लांवर पाल्मिटिक आम्लाची शेपटी जोडली जाते म्हणून, ती जोडणारी जागाच बदलून टाकली तर ते पटलाला नीट चिकटत नाही. आणखी एक, भ्रूणात मेंदूचा खालचा-वरचा भाग ठरवणारं सॉनिक हेजहॉग नावाचं प्रोटीन आहे, त्याला चक्क कोलेस्टेरॉलचा रेणू जोडलेला असतो, हे १९९६ मध्ये समजलं. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की पेशीत मेद आणि प्रोटीन वेगळे बसलेलेच नसतात, त्यामुळे यातला कुठला महत्त्वाचा ही निवड करताच येत नाही. मिस्टरांना आणि सासूबाईंना दोघांनाही हे सांगता येईल.

आता तुपाकडे येऊ. तुपात मुख्यतः संपृक्त मेदाम्लं, थोडं ओलिक आम्ल आणि कोलेस्टेरॉल असतं. यातलं पाल्मिटिक आम्ल शरीर ग्लुकोजपासून स्वतः बनवतं, ओलिकही बनवतं. कोलेस्टेरॉलचं तर फारच वेगळं आहे. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के असतो पण शरीरातलं २० ते २५ टक्के कोलेस्टेरॉल त्याच्यात असतं, आणि हे जवळपास सगळं मेंदूच्या पेशींनी तिथेच बनवलेलं असतं, कारण रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून आत जातच नाही म्हटलं तरी चालेल. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात जीन व्हान्स आणि रॉबर्ट कँपेनॉट यांच्या टीमने उंदराच्या चेतापेशी अशा डिशमध्ये वाढवल्या की पेशीचा गोल एका कप्प्यात आणि तंतू दुसऱ्या कप्प्यात, आणि १९९४ मध्ये दाखवलं की पटलाची मुख्य मेदं तंतूसुद्धा जागेवर बनवू शकतो, फक्त कोलेस्टेरॉल सोडून, ते त्याला पेशीच्या गोलातून नाहीतर बाहेरून घ्यावं लागतं. पुढे २००१ मध्ये हेही दिसलं की शेजारच्या ग्लिया पेशी, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या पेशी, कोलेस्टेरॉल बनवून चेतापेशींना देतात आणि त्याने जोडण्या वाढतात. म्हणजे कोलेस्टेरॉल लागतं, भरपूर लागतं, पण ते तुपाच्या डब्यातून येत नाही. (ज्या बाळांत कोलेस्टेरॉल बनवायची शेवटची पायरी जन्मतःच बिघडलेली असते त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, तो आजार फार दुर्मिळ आहे आणि दोन्ही पालकांकडून सदोष जीन आलं तरच होतो, तू त्याची भीती घेऊ नकोस, कोलेस्टेरॉल किती गरजेचं आहे ते कळावं म्हणून सांगितलं.)

मग तूप बंद करू का? नाही गं. दोन चमचे तूप दिवसाला घेतलंस तर चवीला चांगलं, कॅलरी मिळतात, जीवनसत्त्वं शोषायला मेद लागतोच. फक्त भाताच्या ढिगावर तुपाची धार आणि त्याने पोट भरल्यामुळे वरण, भाजी, दही कमी होत असेल तर ते बाळासाठी तोट्याचं आहे. शुगरची टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत करतात, तुझी झाली नसेल तर याच आठवड्यात करून घे, आणि शुगर जास्त निघाली तर तूप-भाताचं प्रमाण डॉक्टर सांगतील तसं.

आता नणंदेच्या कॅप्सूल. डीएचए म्हणजे ओमेगा-३ गटातलं एक मेदाम्ल, २२ कार्बनची साखळी आणि त्यात ६ दुहेरी बंध, त्यामुळे तो रेणू खूप लवचिक असतो आणि ज्या पटलात तो असतो ते सहज वाकतं, ज्या टोकाला सारखे आकार बदलायचेत तिथे याचा उपयोग आहे. शरीर हा शून्यापासून बनवू शकत नाही, जवसात वगैरे असलेल्या अल्फा लिनोलेनिक आम्लापासून थोडा बनवतं पण फारच थोडा. शेवटच्या तीन महिन्यात आणि पुढे पहिली दोन वर्षं तो बाळाच्या मेंदूत साठत जातो. तो मेंदूत शिरतो कसा हे बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं, २०१४ मध्ये सिंगापूरच्या टीमने दाखवलं की मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एमएफएसडी२ए नावाचं एक प्रोटीन आहे, ते डीएचएला एका विशिष्ट फॉस्फोलिपिडला (पटल ज्या मेदाचं बनतं त्या प्रकारच्या रेणूला) जोडलेल्या रूपात आत घेतं, आणि दुसऱ्याच वर्षी अशी कुटुंबं समोर आली ज्यांच्यात हे प्रोटीन बिघडलेलं होतं आणि मुलांचं डोकं लहान राहिलं होतं. बघ, इथेही मेदाला आत यायला प्रोटीनचाच दरवाजा लागतो.

एवढं वाचून वाटेल की मग कॅप्सूल घ्यायलाच हव्यात आणि बाळ हुशार होणारच. इथेच थांबून नीट बघायला हवं, कारण पेशीत एखादी गोष्ट गरजेची असणं आणि ती वरून जास्त दिल्याने हुशारी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिराती सगळ्या याच फटीतून आत येतात. ऑस्ट्रेलियात २३९९ गरोदर बायकांवर मोठी चाचणी झाली, निम्म्यांना रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए, निम्म्यांना साधं तेल. २०१० मध्ये निकाल आला, दीड वर्षांच्या मुलांच्या आकलनात आणि भाषेत सरासरी फरक नाही. पुढे चार वर्षांचे झाल्यावर, सात वर्षांचे झाल्यावर पुन्हा बघितलं, तरी नाही. आपल्या जवळ बेळगावलाही अशी चाचणी झाली, शेवाळापासून काढलेलं ४०० मिलिग्रॅम डीएचए, तिथेही वर्षाच्या बाळांच्या विकासात फरक दिसला नाही. एक फायदा मात्र सगळे अभ्यास एकत्र करून बघितल्यावर दिसतो, ओमेगा-३ घेणाऱ्यांमध्ये वेळेआधी, खास करून ३४ आठवड्यांच्या आत होणाऱ्या डिलिव्हरी कमी होतात, आणि तो फायदा छोटा नाही, कारण मेंदूची ही सगळी वाढ पोटात पूर्ण होणं हे कुठल्याही कॅप्सूलपेक्षा मोठं आहे.

तर माझं मत असं. तू मासे खात नाहीस, त्यामुळे डीएचए तुझ्या आहारात जवळपास शून्य आहे. गरोदरपणात दिवसाला साधारण २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावं असं एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) तज्ज्ञांनी सुचवलंय. शेवाळापासून बनवलेली शाकाहारी कॅप्सूल मिळते, माशाच्या तेलाची असेल तर तुला चालणार नाही म्हणून लेबल वाच, परवडत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर तेवढी घे. नसेल परवडत तर मनाला लावून घेऊ नकोस. जवसाची चटणी मात्र रोज जेवणात असू दे, एक मोठा चमचा कुटलेल्या जवसात दीड ग्रॅमच्या आसपास अल्फा लिनोलेनिक आम्ल असतं, अख्खं जवस न पचता निघून जातं म्हणून कुटलेलंच. आणि ती महागडी पावडर, तिच्या डब्यावर एका वेळच्या मापात डीएचए किती मिलिग्रॅम आणि साखर किती ग्रॅम ते वाचून नणंदेलाच दाखव, बऱ्याचदा आकडेच सगळं सांगतात.

आता बी १२, ज्यासाठी मी इतकं लिहितेय. तंतू तयार झाल्यावर त्याच्याभोवती मायलिनचं वेष्टण गुंडाळलं जातं, संदेश वेगाने जायला. मायलिनच्या कोरड्या वजनात ७० ते ८० टक्के मेद आणि बाकी प्रोटीन, आणि हे काम पोटात सुरू होऊन तारुण्यापर्यंत चालतं. बी १२ कमी पडलं की या मेदाची आणि प्रोटीनची दोन्हीची घडण बिघडते. दिवसाला लागतं किती, तर अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास, पण ते वनस्पतीत नसतंच, शाकाहारी माणसाला फक्त दूध-दह्यातून मिळतं आणि चहातलं दोन घोट दूध त्याला पुरत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालू ठेवलाय, त्यात जवळपास दोन तृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी १२ कमी होतं. तिथल्याच मुलांना नऊ वर्षांचे असताना तपासलं तेव्हा ज्यांच्या आईचं गरोदरपणात बी १२ फार कमी होतं ती मुलं लक्ष देण्याच्या आणि आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. या आया म्हणजे परदेशातल्या कुणी नाहीत, तुझ्यामाझ्यासारख्या भाकरी-भाजी खाणाऱ्या आहेत. आणि जन्मानंतरचं तर आणखी महत्त्वाचं, आईतच बी १२ कमी असेल तर दुधातही कमी येतं आणि फक्त अंगावर पिणारं बाळ सहा-आठ महिन्यांचं झाल्यावर मलूल होतं, बसायला-हसायला शिकलेलं विसरतं, कधी हातपाय थरथरतात. इंजेक्शनने बरीचशी सुधारतात ही बाळं, पण उशीर झाला तर कमतरता मागे राहू शकते. हे आधीच टाळता येतं म्हणून मी एवढा आग्रह करतेय.

पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ विचार, माझं बी १२ तपासायचं का आणि गोळी चालू करायची का. दर मिलिलीटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता धरतात, गरोदरपणात आकडा जरा खाली येतोच त्यामुळे वाचायचं काम डॉक्टरांवर सोड. फॉलिक अॅसिड चालू असेलच, ते बंद करायचं नाही, पण नुसतं फॉलिक घेतल्याने बी १२ ची कमतरता रक्ताच्या रिपोर्टमध्ये झाकली जाऊ शकते आणि आत चेतापेशींचं नुकसान चालूच राहतं हे लक्षात ठेव.

लोहाची लाल गोळी आरोग्य केंद्रातून मिळते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, ती घेतेस ना? बऱ्याच जणी मळमळतं म्हणून डब्यात ठेवून देतात. मायलिन बनवणाऱ्या पेशींना लोह फार लागतं. चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबू पिळलेल्या जेवणाच्या आसपास घे, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला.

आणि स्वयंपाकघरात मीठ कुठलं आहे ते बघून ये. हल्ली खूप घरांमध्ये आरोग्याला चांगलं म्हणून सगळा स्वयंपाक सैंधव मिठाचा झालाय, त्यात आयोडिन पुरेसं नसतं. थायरॉइडचं हार्मोन आयोडिनशिवाय बनत नाही आणि चेतापेशींचं जागेवर जाणं, तंतू वाढणं, मायलिनची प्रोटीन्स बनणं हे सगळं त्या हार्मोनवर चालतं. गरोदरपणात दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडिन लागतं. साधं आयोडिनयुक्त मीठ वापरा, डबा झाकून ठेवा, बस्स. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती एकही दिवस चुकवू नकोस.

मिस्टरांचं प्रोटीन राहिलं. अॅक्टिन, ट्युब्युलिन, कायनेसिन हे सगळं ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यातली काही आहारातूनच यावी लागतात, त्यामुळे त्यांचा मुद्दा बरोबर आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या आकड्यांप्रमाणे साध्या कामाच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यात वर २२ ग्रॅम, म्हणजे ६८ च्या आसपास. पातळ वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅमच असतं, म्हणून वरण घट्ट कर, एक वाटी उसळ वाढव, दोन ग्लास दूध किंवा तेवढं दही-ताक, मूठभर शेंगदाणे, मधूनमधून पनीर किंवा सोयाबीन, एवढ्यात बसतं. डाळीत जे अमिनो आम्ल कमी ते धान्यात असतं आणि धान्यात कमी ते डाळीत, म्हणून वरणभात, आमटी-भाकरी एकत्र खाणं चांगलंच. हाय प्रोटीन पावडर गरोदरपणात देऊ नये असंच डब्ल्यूएचओचं म्हणणं आहे, बाळाला त्याचा फायदा दिसलेला नाही. ज्यांचं खाणंच कमी पडतं त्यांना कॅलरी आणि प्रोटीन दोन्ही मिळून वाढवलं की बाळाचं वजन सुधारतं, तो वेगळा मुद्दा. पुण्याच्या त्याच अभ्यासात ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं त्यांची बाळं जन्मताना मोठी होती, तर पावडरीचे पैसे मिस्टरांना दूध, मेथी, चाकवत, पेरू यावर खर्च करायला सांग.

कोलीन नावाचं एक पोषकद्रव्य आहे, पटलाच्या मुख्य फॉस्फोलिपिडात ते लागतं आणि अंड्यात भरपूर असतं. तुझ्या घरात अंडं चालत नाही, ठीक आहे, सोयाबीन, दूध, फ्लॉवर, राजमा, शेंगदाणे यात थोडं थोडं मिळतं, त्यासाठी वेगळी धावपळ नको.

सासूबाईंशी बोलताना तूप नको असं म्हणू नकोस. त्यांना म्हण, आई, डॉक्टरांनी तूप दोन चमचे सांगितलंय आणि बरोबर घट्ट वरण, दही आणि जवसाची चटणी रोज हवी म्हणाल्यात, तुमच्या हातची चटणी करून द्याल का. त्यांनाही बाळासाठी काहीतरी करायचंच आहे, आणि चटणी त्या तुझ्यापेक्षा चांगली करतील. नणंदेला सांग कॅप्सूल डॉक्टरांना दाखवून घेते. आणि डिलिव्हरीनंतर बी १२ ची गोळी बंद करू नकोस, अंगावर पाजतेस तोपर्यंत किती आणि कशी चालू ठेवायची ते घरी सोडण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे, त्या गडबडीत सगळ्यात आधी हीच गोष्ट राहून जाते.